करंगळीएवढी कादंबरी

“पण त्याला मारायचं काय कारण होतं?” आजोबांनी टेबलावर हात आपटला. “चांगला खिडकीशी बसला होता बिचारा, पिंजरा मांडीवर घेऊन. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही!”

“मारला नाही हो बाबा. काढला फक्त,” ओट्याकडून सूनबाई म्हणाल्या.

“एकच ते! काल होता, आज नाही. ना चिठ्ठी, ना निरोप. उद्या मलाही असंच काढाल.”

“बाबा, घड्याळ चालू आहे,” समोर बसलेला त्यांचा मुलगा, टाइमकीपर, म्हणाला. त्याची नजर मनगटावरून हलली नव्हती. “भांडणाचा वेळही वाचनातच धरला जातोय.”

“मग बंद कर ते घड्याळ!”

“फेरी सुरू झाली की मध्येच थांबवता येत नाही.”

“मी काय तुझी बस आहे?”

ज्याच्यावरून हे रणकंदन माजलं होतं, तो म्हातारा ह्या घरातला नव्हता. तसा तो कुठल्याच घरातला नव्हता. चष्मेवाल्या बाईंच्या कादंबरीतला तो एक प्रवासी. आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बाईंनी त्याला पिंजऱ्यासकट बसमधून उतरवलं होतं. आता त्या टेबलाकडे पाठ करून ओट्याशी भाजी चिरत उभ्या होत्या. सासरे रागावले की सुरीचा आवाज जरा वाढवायचा, ही त्यांची जुनी पद्धत.

“सूनबाई, मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकतेय ना.”

“पिंजऱ्यात पक्षी का नव्हता, हे मला अजून कळायचं होतं.”

बाईंची सुरी क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली.

“पान उलटा बाबा,” टाइमकीपर म्हणाला. “दुसऱ्या थांब्याच्या अलीकडेच लेट झालात.”

*

चष्मेवाल्या बाईंना सगळी वस्ती ह्याच नावाने ओळखायची. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात त्या लग्नाच्याही आधीपासून कामाला. डोळे तपासणारे डॉक्टर आतल्या खोलीत बसत आणि बाई बाहेर काउंटरवर. फ्रेम दाखवायची, काड्या कानामागे बसवून द्यायच्या, “तुम्हाला गोल शोभत नाही” हे गिऱ्हाइकाला लागणार नाही अशा बेताने सांगायचं, आणि शेवटी जवळचं वाचायचं कार्ड त्याच्या हातात द्यायचं. ह्या कार्डावर वरून खाली अक्षर बारीक बारीक होत जातं. शेवटची ओळ तर मुंगीच्या पायाएवढी.

दुकानाच्या जुन्या कार्डावर शिस्तीचं महत्त्व सांगणारा एक उतारा होता. तो इतकी वर्षं चालला की नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठ झाला. एका आजींनी तर कार्ड उलटं धरून तो शेवटपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला आणि वर बाईंनाच विचारलं, “बघ, आहे की नाही माझी नजर चांगली?” त्या दिवशी बाईंनी मालकांना सांगितलं की नवीन कार्ड करायला हवं, मजकूर मी लिहिते. मालक म्हणाले, “लिहा. पण थोडक्यात.”

हे त्यांना सांगायची गरज नव्हती. बाईंचा अख्खा जन्म थोडक्यात गेला होता. माहेरी पाच बहिणी. बोलायची पाळी ह्यांच्यापर्यंत येईतो ताटं उचललेली असायची, आणि वडील हात धुता धुता म्हणायचे, “हं, तुझं काय? थोडक्यात सांग.” लग्नासाठी बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, “स्वतःबद्दल सांगा, थोडक्यात.” त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. सासरे म्हणाले, “मुलगी मुद्देसूद आहे.” पसंती झाली. पुढे घर, दुकान, मुलगी, सासूबाईंचं आजारपण ह्या सगळ्यातून वाट काढत जे बोलायचं ते कुकरची शिट्टी व्हायच्या आत बोलून टाकायची सवय लागली. माणसाला सवय लागली की लोक तिला स्वभाव म्हणतात.

तर बाईंनी कार्डासाठी गोष्ट लिहिली. एक बाई रोज संध्याकाळी शेजारणीच्या दाराला कान लावायची. घरातलं भांडण ऐकल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. एके दिवशी कान लावला तर आत सामसूम. खूप वेळ ती तशीच उभी राहिली. शेवटी तिच्या लक्षात आलं, दाराच्या आतल्या बाजूलाही कुणीतरी कान लावून उभं आहे. आणि मग, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: आतून आवाज आला, “आज तुमच्याकडे सगळं गप्प कसं?”

लोक कार्ड सोडेनात. शेवटच्या ओळीसाठी माणसं उजेडात जायची, दारात जायची, कार्ड नाकाला लावायची, हात लांब करायची. ज्यांना चष्मा नको होता त्यांनी त्या ओळीपायी चष्मा घेतला. मालक खूश. त्यांनी स्वतः ती ओळ कधीच वाचली नव्हती, त्यांना दिसत नसे.

असाच एकदा एक उंचेला, विस्कटलेला माणूस आला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यालाही शेवटची ओळ दिसेना.

“वाचून दाखवा हो,” तो म्हणाला. “त्याशिवाय मी उठणार नाही.”

“वाचून दाखवली तर नंबर कसा कळणार?”

“नंबर गेला खड्ड्यात. पुढे काय झालं?”

“चष्मा तयार झाला की या आणि स्वतः वाचा.”

तो चष्मा न्यायला आला, उभ्या उभ्या ओळ वाचली आणि असा हसला की आतून डॉक्टर बाहेर आले. मग त्याने सांगितलं की तो प्रकाशक आहे आणि मोठ्या होत चाललेल्या मुलांसाठी छोट्या कादंबऱ्यांची मालिका काढतोय.

“मुलांना गोष्टी नको असतात असं नाही हो बाई,” तो म्हणाला. “त्यांना वेळ नसतो. सकाळी शाळा, मग क्लास, मग दुसरा क्लास, मग पहिल्या क्लासात न समजलेलं समजावणारा तिसरा क्लास. ह्या पोरांच्या हातात जाडजूड पुस्तक दिलं तर ती त्यावर डोकं ठेवून झोपतील. मला हवी बसमध्ये बसल्यावर सुरू होणारी आणि घरी पोचेपर्यंत संपणारी कादंबरी. एवढी जाड.” त्याने करंगळी वर केली. “लिहाल?”

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले.

*

घरी ही बातमी सांगितली तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही. उलट सगळ्यांना ते फारच सोपं वाटलं.

“करंगळीएवढीच ना?” टाइमकीपर म्हणाला. “मग काय, होईल भाजी चिरता चिरता.”

जाड पुस्तक लिहायचं असतं तर कदाचित एखादी खोली मिळाली असती, निदान एखादा कोपरा. छोट्या पुस्तकाला छोटी फट पुरते, असा घराचा हिशोब. मग बाईंनी दुकानातल्या फटींमध्ये लिहिलं. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघत असे तेवढ्यात दोन ओळी. एकदा एकजण आरशासमोरून हलेचना, तेव्हा एक अख्खं प्रकरण.

गोष्ट होती एका मुलीची. परीक्षेच्या दिवशी ती घाईघाईत उलट्या दिशेच्या बसमध्ये चढते, चूक लक्षात येते, आणि तरी उतरत नाही. बसमध्ये गाणं म्हणणारा ड्रायव्हर, मांडीवर शिलाई मशीन घेऊन बसलेली बाई, रिकामा पिंजरा घेतलेला म्हातारा, सगळ्यांशी भांडणारी कंडक्टर. प्रत्येकाची एक भानगड. मुलगी शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, आणि तिथे तिला कळतं की ह्यातले बरेचजण कधीकाळी चुकूनच ह्या बसमध्ये चढले होते.

लिहून झालं तेव्हा कागदांची चळत करंगळीपेक्षा चांगलीच जाड भरली. आता कापावी लागणार हे उघड होतं. किती कापायची, हे ठरवायला टाइमकीपर पुढे सरसावला.

टाइमकीपर बस डेपोत होता. बस किती वाजता सुटली आणि किती वाजता आली हे लिहून घेणं त्याचं काम. घरी येऊन माणूस कामावरून उतरला तरी काम अंगावरून उतरत नसे. अंडं उकडायला लागणारा वेळ, अंघोळीला लागणारा वेळ, सासुरवाडीला फोन करण्यात जाणारा वेळ, सगळं त्याच्या डोक्यात नोंदलेलं.

“अगं, बोटाने काय मोजतेस?” तो म्हणाला. “वेळ मोजायला हवा. आपली भिंगरी क्लासला जाते आणि येते तेवढ्या वेळात कुणीतरी ही वाचून संपवून दाखवायची. संपली तर राइट टाइम.”

“मग भिंगरीलाच देऊ या ना.”

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी, दहावीतली. नावाप्रमाणेच ती घरात दिसायची ती फिरताना. उभ्याने खायची, चालता चालता वेणी घालायची, दोन क्लासच्या मध्ये दार उघडून एक दप्तर टाकायची आणि दुसरं उचलायची. “भिंगरे, जरा हे वाचशील का?” बाईंनी दारातच विचारलं होतं. “आई, वेळ नाहीये!” हे उत्तर जिन्यातून आलं.

“बघ,” टाइमकीपर म्हणाला. “तिला वेळ असता तर हे पुस्तक लिहायची वेळच आली नसती. आणि दुसरं म्हणजे, वेळापत्रक कधीही सगळ्यात पळणाऱ्या गाडीवर बसवत नाहीत. सगळ्यात हळू गाडी घ्यायची, सगळ्यात वाईट रस्ता घ्यायचा. ती वेळेत पोचली की बाकीच्या पोचल्याच.”

“मग सगळ्यात हळू कोण?”

दोघांनीही एकाच वेळी सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर आजोबा बसले होते, मांडीवर परवाचं वर्तमानपत्र. त्यातलं पहिलं पान अजून संपायचं होतं.

आजोबा कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारात उभं राहून नोटिसा वाचून दाखवायच्या, आणि अशा वाचायच्या की मागाहून कुणी “मला ऐकू आलं नाही” म्हणता कामा नये. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वाचायची रीत बदलली नाही. प्रत्येक वाक्य ते आधी ओठ हलवत मनात वाचत, मग खणखणीत आवाजात बाहेर. म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा. आणि आवडलेलं वाक्य असेल तर चष्मा काढून, “वा! काय म्हणते बघा,” असं म्हणून तिसऱ्यांदा.

रोज संध्याकाळी भिंगरी क्लासला गेली की घड्याळ लागे आणि आजोबा टेबलाशी बसत. ती परत आली की घड्याळ बंद. पहिल्या दिवशी मुलगी बसमध्ये चढून पुढच्या थांब्यापर्यंत पोचली, तेवढ्यात दारावर थाप.

“लेट,” टाइमकीपर म्हणाला. “फारच लेट.”

मग कापाकापी सुरू झाली. टाइमकीपर जवळ पेन्सिल घेऊन बसे आणि आजोबा जिथे अडकत तिथे खूण करी. ड्रायव्हरच्या गाण्याशी आजोबा अडकले, कारण त्यांनी चाल लावून पाहिली. गाणं गेलं. कंडक्टरच्या भांडणाशी ते अडकले, कारण हसता हसता त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. भांडण गेलं. शिलाई मशीनवाली बाई आपल्या तीन मोडलेल्या लग्नांबद्दल सांगते तिथे त्यांनी शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं आणि तो सगळा भाग त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला. मशीनवाली गेली, मशीनही गेलं. पूल गेला, नदी गेली. जिथे आजोबा थांबले, ते सगळं गेलं. जे ते जांभई देत पटापट वाचून गेले, ते राहिलं.

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. टाइमकीपरने खूण केली की दुसऱ्या दिवशी त्या दुकानात कापून आणत. थोडक्यात सांगायचं म्हणजे आधी आपलं आवडतं सोडायचं, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. कापलेले कागद मागून कोरे, ते टाकवत नव्हते. टेबलाखालच्या खोक्यात पडत.

आणि आज त्या खोक्यात पिंजरेवाला म्हातारा जाऊन पडला होता.

“पुढे वाचा बाबा,” टाइमकीपर म्हणाला.

“वाचतो. नुसतं वाचायचंच आहे ना? वाचतो.”

आजोबा फुरंगटले होते. त्यांनी ना ओठ हलवले ना चष्मा काढला. रेशनची यादी वाचावी तसं एकेक पान खाली ठेवत गेले, आणि भिंगरीची थाप दारावर पडायच्या बऱ्याच आधी शेवटचं पान संपलं.

“राइट टाइम!” टाइमकीपर खुर्चीतून उठलाच. “अगं, झालं! बिफोर टाइम म्हटलं तरी चालेल!” मग जरा विचार करून म्हणाला, “मात्र गाडीत आता ती मुलगी, ड्रायव्हर आणि कंडक्टर एवढेच उरलेत. एवढ्या प्रवाशांवर आमच्याकडे ही फेरी बंद केली असती.”

तो स्वतःच्या विनोदावर हसला. बाईंनी ताटं मांडली. आजोबा आज एकदाही थांबले नाहीत, हे त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जेवताना प्रकाशकाचा फोन आला. सोमवारी सकाळी तो कागद न्यायला दुकानात येणार होता. मालिकेत एकच जागा उरली होती आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांचं ‘वेळेचा सदुपयोग’ नावाचं हस्तलिखित त्याच्या टेबलावर तयार होतं.

“छोटी झालीय ना बाई?” त्याने विचारलं.

“झालीय,” बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. पण ताटात फारसं उरलंही नव्हतं, त्यामुळे तेही कुणाला कळलं नाही.

*

रविवारी सकाळी भिंगरी केस धुऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात आली. क्लास अकराला. गॅसवर अंडं उकडत होतं. बाईंनी टेबलावर कागद ठेवले होते, वरचं पान सरळ करत होत्या.

“काय गं हे?”

“माझी कादंबरी. वेळ नसेल तर राहू दे.”

भिंगरीने ते उचलले, ओट्याला टेकून उभी राहिली आणि वाचू लागली. तिचं वाचणं म्हणजे डोळे पानावरून घसरगुंडीवरून यावेत तसे यायचे. बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही म्हणता काही हललं नाही. अंडं व्हायच्या आधी कागद टेबलावर परत आले.

“बास?” भिंगरी म्हणाली.

“बास म्हणजे?”

“म्हणजे कुठे गेले सगळे?”

“कोण सगळे?”

“अगं मशीनवाली! आणि ड्रायव्हरचं ते गाणं! पिंजरेवाले आजोबा! आई, तू सगळी बस रिकामी केलीस!”

टाइमकीपर दाढी अर्धी ठेवून बाहेर आला. आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

“तुला काय माहीत गं मशीनवाली?” बाईंनी विचारलं.

“त्या खोक्यातले कागद नेते मी. गणितं सोडवायला, मागून कोरे आहेत ना.” भिंगरीने टॉवेल सोडला आणि केस झटकले. “पुढून तूच. तुझं अक्षर मला कळत नाही होय? आधी एक पान वाचलं, मग त्याच्या आधीचं कुठेय म्हणून शोधलं, तर ते मी भूमिती सोडवून मैत्रिणीला दिलेलं. तिच्याकडून आणलं तर तिनेही वाचलेलं. आता क्लासमध्ये सगळ्याजणी वाचतात. बाकांखालून पानं फिरतात. कुणाकडे मशीनवालीचं दुसरं लग्न आहे, कुणाकडे तिसरं. ठसका लागतो ते भांडण तर एकीने वहीत उतरवून घेतलंय. परवा एकजण वाचता वाचता तिच्या थांब्यावर उतरलीच नाही.”

“पण तुम्हाला वेळ नसतो ना?” टाइमकीपर म्हणाला. त्याच्या गालावरचा फेस वाळत चालला होता.

“नसतो.”

“मग काढलात कुठून?”

“काढला,” भिंगरी म्हणाली, जणू वडिलांनी विचारलं होतं की जेवण तोंडाने जेवतेस का.

“मला का नाही सांगितलंस?” बाई म्हणाल्या.

“तू विचारलंस कुठे? एकदा दारात विचारलंस, मी चप्पल घालत होते. मग रोज संध्याकाळी तुम्ही सगळे आजोबांनाच विचारत होतात. पुस्तक आमच्यासाठी आणि परीक्षा आजोबांची!”

“वेळापत्रकाचं एक शास्त्र असतं,” टाइमकीपर म्हणाला. “सगळ्यात हळू गाडी...”

“पप्पा, मी गाडी नाहीये. आणि आजोबा हळू वाचत नाहीत. त्यांना आवडतं तिथे ते थांबतात. आवडत नाही ते भराभर वाचतात. मी पण तेच करते.”

इतके दिवस पेन्सिलीने जपून केलेल्या खुणा टाइमकीपरच्या डोळ्यांपुढून सरकत असाव्यात. मग तो फारच हळू आवाजात बायकोला म्हणाला, “म्हणजे अगं, मी चांगलं चांगलं तेवढं...”

“हो,” बाई म्हणाल्या.

“आणि तू काही बोलली कशी नाहीस?”

ह्याचं उत्तर थोडक्यात देता येण्यासारखं नव्हतं. बाईंनी गॅस बंद केला.

“मी तर पहिल्यापासून सांगत होतो!” आजोबा उठून उभे राहिले. जिंकलेल्या पक्षकारासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. “म्हाताऱ्याला परत घ्या म्हणून! आता घ्यायचाच आहे तर नीट घ्या. मी सांगतो काय करायचं. तो म्हातारा पूर्वी कोर्टात असतो...”

“आजोबा, नाही हं!” भिंगरी म्हणाली. “त्यापेक्षा मशीनवालीचं चौथं लग्न हवं. आणि आई, त्या मुलीची आई आहे ना, सारखी ‘डबा घेतलास का’ विचारते, ती काढ. कंटाळवाणी आहे.”

“ती राहू दे,” टाइमकीपर म्हणाला. “पण बस पुलावर उशिरा पोचते ते मला पटलं नव्हतं. त्या रस्त्याला एवढा वेळ लागतच नाही. आणि ड्रायव्हर गाडी चालवताना गातो हे नियमात बसत नाही. डेपोत गायला लाव.”

“डेपोत कोण ऐकणार त्याचं?”

“आम्ही ऐकतो.”

“म्हातारा कोर्टात होता म्हटलं की पिंजऱ्याचाही खुलासा होतो,” आजोबा आवाज चढवून म्हणाले. “जप्तीत आणलेला. त्यावर एक प्रकरण मी तोंडी सांगतो, सूनबाई, तुम्ही लिहून घ्या.”

“चौथं लग्न आधी!”

“पूल आधी. बस पुलावरून जाते ना!”

तिघं टेबलाभोवती उभे राहून भांडत होते. एकीच्या केसांतून पाणी गळत होतं, एकाच्या गालावर फेस, एकाच्या हातात परवाचं वर्तमानपत्र. काल ह्याच टेबलावर कादंबरी वाळून काडी झाली होती, आज फुगून बैलगाडी व्हायला निघाली होती. दोन्ही वेळा बाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. गंमत म्हणजे त्यांना राग आला नाही. ह्या घरात त्यांच्या एखाद्या गोष्टीवरून तीन माणसं एकाच वेळी भांडतायत, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. थोडा वेळ त्यांनी ते बघून घेतलं.

मग अंडं सोलून भिंगरीच्या हातात दिलं.

“पानं किती जणींकडे आहेत?”

“चौघी-पाचजणींकडे.”

“क्लास सुटला की सगळी गोळा कर आणि मला दुकानात आणून दे. गणितं पुसू नकोस.”

“आणि उतरवून घेतलेलं?”

“ते राहू दे तिच्याकडे.”

बाई आत गेल्या. साडी बदलून, पर्स आणि दुकानाची किल्ली घेऊन बाहेर आल्या. टेबलावरचे कागद त्यांनी उचलले, टेबलाखालच्या खोक्यात उरलेले त्यात घातले. दोन्ही मिळून चळत दोन बोटं जाड भरली. ती त्यांनी पिशवीत उभी ठेवली.

“अगं, रविवारी दुकान बंद असतं,” टाइमकीपर म्हणाला.

“म्हणूनच.”

“पण प्रकाशकाने करंगळीएवढी सांगितलीय ना? त्यापेक्षा जाड झाली तर तो त्या मुख्याध्यापकांचं घेईल.”

“घेईल कदाचित.”

“मग?”

“मग घेईल. मी त्याला सांगेन की वाचून बघा, मग ठरवा. कापायला माझी तयारी आहे, पण काय कापायचं ते मी ठरवणार.”

“मग वेळ कोण लावणार?” टाइमकीपरने विचारलं. सवयीने हात मनगटाकडे गेलाच होता.

“आणि म्हातारा कोर्टात...” आजोबांनी सुरुवात केली.

बाईंनी चपला घातल्या. दारात उभ्या राहिल्या आणि घरातल्या कुठल्याही एकाकडे न बघता सगळ्यांना सांगितलं. आवाज चढवला नाही. भाजी संपलीय हे सांगताना लागतो तेवढाच लावला.

“ह्यापुढे माझं लिहिलेलं छापून आल्याशिवाय ह्या घरात कुणी वाचायचं नाही. रविवारी दिवसभर मी दुकानात लिहीत बसणार आहे, आज, पुढच्या रविवारी आणि त्याच्या पुढच्याही. स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा.”